स्कॅनरवरचं नाव

अक्का,

पाया पडते.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, वर्षश्राद्धही झालं, आणि आता मी पत्र लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शोभे, कामं न्हाईत का तुला?" आहेत अक्का. दुपारचे साडेतीन झालेत. पोरांची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, कामाला ठेवलेली रमाबाई घरी गेली. संध्याकाळचं पीठ मळायला अजून तासभर आहे. हा तास मी रोज भिंतीला पाठ टेकून नुसती बसून काढते. झोप येत नाही आणि उठावंसंही वाटत नाही. आज वही घेतली.

परवा तुमच्या मीनलचा नांदेडहून फोन आला होता. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे तिचं. आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम रडायला लागली. "काकू, माझ्यामुळंच झालं ना ते? टॅबमध्ये नवीन सिम टाकलंय, असं मीच पप्पांना बोलून गेले होते. त्यावरूनच त्यांना कळलं. मी गप बसले असते तर आईला ते सगळं ऐकून घ्यावं लागलं नसतं."

इतकी वर्षं पोरगी हे उरात घेऊन हिंडत होती, आणि मी तिला काय म्हणाले? "तसं काही नसतं बाळा. जेवलीस का?" एवढं बोलून फोन ठेवला.

तिच्यामुळं काहीच झालं नव्हतं. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. म्हणून सुरुवातीपासून लिहिते. मधूनच सांगायला घेतलं तर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगेन.

मीनल अकरावीला गेली तेव्हा पोरगी लातूरलाच शिकणार, असं तुम्ही ठरवलंत. जळकोटच्या पुढं आपलं गाव, तिथून रोजचं येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. भावजी आणि आमचे हे, दोघं भाऊ, शेतासाठी गावातच राहणार होते. तुम्ही दोन खोल्या बघितल्या आणि मला म्हणालात, "तूबी चल. हितं तुझ्यावाचून कुणाचं काय अडून राहिलंय?" तेव्हा मला ते लागलं होतं. मला लेकरू नाही म्हणून बोलल्या, असंच वाटलं. लातूरला येऊन महिना झाल्यावर ध्यानात आलं, की सकाळी उठल्यावर मला कुणी विचारत नाही, दवाखान्यात जाऊन आलीस का, डॉक्टर काय म्हणाले. तुम्ही मला त्या प्रश्नांतून बाहेर काढलं होतं. तसं सरळ सांगितलं का नाहीत?

मीनलच्या वर्गात किनवटकडची वैशाली होती. आश्रमशाळेत शिकून आलेली, बारकी, मान खाली घालून बोलणारी. बाहेरच्या जेवणानं तिचं पोट बिघडलं तेव्हा तुम्ही तिला बोलावून ज्वारीची भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत तिघी आल्या. वर्षभरात समोरच्या खोलीत सतरंज्या पडल्या आणि कंधार, लोहा, अहमदपूर, कुठली कुठली पोरं 'काकूंची मेस' म्हणून पत्ता सांगायला लागली. वरण-भाजी तुमच्याकडं आणि भाकरी माझ्याकडं. तव्यासमोरून मी उठायची ती मनगटं चोळतच.

पैसे तेव्हा हातात यायचे. तुम्ही ते कमरेच्या पिशवीत ठेवायच्या. एकदा बाजारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर कुणाला न विचारता तुम्ही मला नवीन जोड घेऊन दिला. कुणाला न विचारता. माझ्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, आणि असं पहिल्यांदा घडत होतं.

मग सगळंच मोबाइलवर गेलं. पोरांच्या खिशात नोटा दिसेनात. भावजींनी गावाहून येताना त्यांच्या खात्याचा स्कॅनर छापून आणला आणि आपल्या हातानं भिंतीला चिकटवला. "आता सुट्ट्याची कटकट न्हाई," म्हणाले. त्यांच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण पैसे पडायचे गावात, त्यांच्या मोबाइलवर. पोरगं म्हणायचं, "काकू, पाठवले," आणि तुम्ही गावाला फोन लावायच्या, "आले का ओ?" ते शेतात मोटारीपाशी. "बघून सांगतो," म्हणायचे. तोवर पोरगं दारात ताटकळत उभं. तेल संपलं की फोन, गॅस संपला की फोन. तुमच्याच मेसच्या भाजीसाठी तुम्हाला पैसे मागावे लागायचे. एक दिवस कमरेची पिशवी उलटी करून दाखवलीत मला. "बघ, आता नुसती सुपारी राहिली."

बारावी झाल्यावर मीनलचा क्लासचा टॅब रिकामाच पडून होता. मोबाइलच्या बारीक अक्षरांनी तुमचे डोळे दुखायचे, टॅबवर नीट दिसायचं. वैशाली पुढं शिकायला लातूरलाच राहिली, मीनल नर्सिंगला नांदेडला निघाली. जायच्या आधी चार दिवस तिनं तुम्हाला समोर बसवून शिकवलं. पण तुमच्या बँकेच्या खात्यालाही नंबर होता भावजींचाच. मग टॅबमध्ये नवीन सिम घातलं आणि तो नंबर खात्याला लावायला आपण दोघी बँकेत गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "मालकांचा नंबर आहे की याला. बदलता कशाला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मालकाचा नंबर मालकापाशी हाय. खातं माझं हाय." मी तुमच्या मागं उभी होते. मला धाकधूक होत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटत होतं. ते पुढं सांगते.

भिंतीवर 'सुमन' असा तुमच्या नावाचा स्कॅनर लागला. टॅब ज्वारीच्या कोठीवर, आणि त्याला मीनलनं बिनवायरचा एक बारका स्पीकर जोडून दिला. पैसे आले की बाई बोलायची, इतके इतके रुपये मिळाले. पोरं हसायची. तुम्ही मात्र आठ दिवसांत तो स्पीकर बंद केलात. मी विचारलं, बिघडला का? तुम्ही म्हणालात, "न्हाई. पण ती बाई बोलली की वैशाली मान खाली घालती. तिच्या बापाचे वेळेवर येत न्हाईत. कुणाचे आले अन् कुणाचे न्हाई, हे साऱ्या खोलीनं कशाला आयकायचं?"

मग मीनलनं नांदेडहून ते कानात घालायचं पाठवलं, त्यालाही वायर नाही. तुम्ही त्याला बोंड म्हणायच्या. पदराखाली कानात बोंड, हात पिठात, आणि मध्येच तुमची मान हलायची. नवीन पोरांना वाटायचं काकू गाणी ऐकून राहिल्यात. जोडीतलं एक बोंड एकदा कणकेत पडलं आणि आपण दोघी अख्खा गोळा फोडून बसलो होतो. सापडलं, पण बोललं नाही पुन्हा. किती हसलो होतो अक्का आपण त्या दिवशी.

आता माझं सांगते.

त्या हसण्याच्या दिवसांतही माझ्या मनात एक खडा होता. वाटायचं, भाकरी मी थापते. हात माझे भाजतात. भिंतीवर आधी भावजींचं नाव होतं, आता अक्कांचं आलं. माझं कुठं आहे? सातबाऱ्यावर नाही, घरावर नाही, लेकराच्या नावापुढंही नाही. तुम्ही बँकेत जाताना मला सोबत नेलं, पण तुझं काय, असं विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं ना?

येळवसच्या अमावस्येला शेत पुजायला आपण गावी गेलो. शेतात कडब्याची खोप केली होती. पालेभाज्या-शेंगांची भज्जी झाली, आंबील झाली, सगळे जेवून सुस्तावले. तुम्ही बायकांत बसल्या होत्या. आमचे हे विहिरीकडं हात धुवायला गेले, मी त्यांच्या मागं गेले. मी ह्यांना म्हणाले, "अक्कांनी वेगळं खातं चालू केलंय. मेसचे पैसे आता त्यांच्याच नावावर पडून राहिलेत. भावजींना म्हाईत न्हाई."

ह्यांच्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक होतं. दोघं भाऊ एका ताटात जेवणारे. मी भावजींना सांगितलं नाही, असं मला नंतर म्हणता यावं, म्हणून मी ह्यांना सांगितलं. इतका विचार करून सांगितलं, अक्का.

चौथ्या दिवशी भावजी लातूरला आले. जेवले. दुसरी भाकरीही मागून घेतली. मग हात पुसून उठले आणि भिंतीवरचा तुमच्या नावाचा कागद नखानं एका कोपऱ्यापासून सोलत सोलत काढला. पोरं जेवत होती. वैशाली तर अगदी समोर होती.

"एका घरात दोन खाते कशाला?" ते म्हणाले. "मी काय पैसे उधळून राहिलो? शेताला घालतो की. चोरून करायची काय गरज होती?"

"चोरून न्हाई केलं. सांगणार होते," तुम्ही म्हणालात.

"कवा? मी गेल्यावर?"

त्यांनी टॅबमधलं सिम काढून खिशात घातलं आणि त्यांच्या नावाचा कागद परत लावला. मी तव्यावरची भाकरी उलटत होते. करपली. तुम्ही येऊन ती खाली उतरवली आणि म्हणालात, "लक्ष कुठाय तुझं?" एवढंच.

महिनाभर पुन्हा तेच फोन. आणि एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, "आधार कार्ड घे. चल." मी विचारलं कुठं. तुम्ही आधीच चालायला लागल्या होत्या. त्याच बँकेत, त्याच खिडकीसमोर तुम्ही माझ्यासाठी नवीन खात्याचा फॉर्म मागितलात. मी घाबरून म्हणाले, "अक्का, माझ्या नावानं कशाला?"

रांगेत आपल्या पुढं दोन माणसं होती. तुम्ही माझ्याकडं न बघता हळू आवाजात बोललात. "माझ्या नावाला ते हात लावतील. तुझ्या नावाला लावणार न्हाईत. धाकट्या भावाच्या बायकोचा लिहाज हाय त्यांना." मग रांग पुढं सरकली तेव्हा म्हणालात, "आन् येळवसला इहिरीवर कोण काय बोललं, ते मला म्हाईत हाय. तुझ्या मालकानंच सांगितलं. आता त्यावर बोलू नको. माझं बी चुकलं. भाकरी तू थापतीस, तुला आधी इचारायला पायजे होतं. सही कर."

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. तुम्ही फॉर्म हातात घेऊन त्यावर फुंकर मारलीत, शाई वाळावी म्हणून.

नवीन सिम घेतलं, कार्ड आलं. पिन घालायच्या वेळी टॅब माझ्या हातात देऊन तुम्ही तोंड फिरवलंत. मी म्हणाले, तुम्हाला माहीत असलेला बरा. तुम्ही म्हणालात, "ते ज्याचं त्यानं ठिवायचं आसतं."

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. तुम्ही बोलू नको म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ दिवस अबोला धरला असता तरी चाललं असतं. तुम्ही बँकेतून थेट भाजीला गेलात आणि कोथिंबिरीवरून घासाघीस करत बसलात. असं कुणी माफ करतं का? त्या जोरावर मी अजून गप्प आहे.

भावजी पुढच्या खेपेला आले, भिंतीवर त्यांच्या कागदाशेजारी लावलेलं माझं नाव वाचलं, तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "तिचं हाय. तिलाच इचारा." मी पदर सारखा करून उभी. ते खाली बघून म्हणाले, "ठीक हाय." त्यांच्या नावाचा कागद त्यांनीच काढून घडी करून खिशात ठेवला.

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. त्यातून गावाच्या घराची गळके पत्रे बदलले. भावजींनी मागितले तेव्हा शेतालाही दिले. तुम्ही दिले, मी पिन दाबला.

मग तुमचे डोळे पिवळे झाले. आधी आपण काविळीचं गावठी औषध घेतलं. दहा दिवस वाया घालवले. ते मी तरी का घेऊ दिलं? लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं, मीनल तिथं होती म्हणून तुम्हीही हो म्हणालात. मेस बंद ठेवली. मी टॅब पिशवीत घालून आणला होता, कारण सिम त्यातच होतं. औषधाच्या दुकानात लोक मोबाइल पुढं करायचे आणि मी तो पाटीएवढा टॅब दोन्ही हातांनी उचलून काचेवरच्या स्कॅनरसमोर धरायचे. मागचे लोक बघत राहायचे. लाजण्याइतकंही त्राण नव्हतं अंगात.

महिन्याची सुरुवात झाली आणि टॅब बोलायला लागला. मेस बंद, तरी पोरांनी पैसे पाठवले होते. मी तुमच्या कानात ते उरलेलं बोंड घातलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. एकदा म्हणालात, "हे कुणाचं?"

मी टॅबवर बघितलं. "वैशालीच्या वडिलांचं."

"परत पाठव."

"राहू द्या अक्का. तुम्ही बऱ्या झाल्यावर जेवेल की ती."

"जेवली न्हाई ती, पैसे कशाचे? पाठव आधी."

मी पाठवले. तुम्ही विचारलं, गेले का? मी गेले म्हणाले. मग इतरांचेही पाठवायला लावलेत, एकेकाचं नाव घेऊन. दमून मध्ये झोपलात, उठून पुन्हा पुढचं नाव. कंधारच्या जुळ्या भावांपर्यंत आलो आणि तुम्ही म्हणालात, उरलेले सकाळी करू. सकाळी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. तिसऱ्या दिवशी गेलात. उरलेल्यांचे मी दिवस झाल्यावर परत केले. एकही रुपया ठेवला नाही.

मेस पुन्हा चालू केली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. आता भाजी-वरणही माझ्याकडं आहे. पोरं म्हणतात चांगलं होतं, पण मला कळतं. बोंड काही मला जमत नाही. दर वेळी टॅबला नव्यानं जोडावं लागतं, माझ्या कानात बसत नाही, चार्जिंग करायचं विसरते. मी टॅबचा आवाज बंद ठेवते आणि दुपारी एकदाच बघून घेते. स्पीकर मात्र लावत नाही.

गेल्या महिन्यात भावजी लातूरला बाजाराला आले होते. जेवणाच्या वेळेला दारात उभे राहिले. मी ताट वाढलं. पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसून जेवले. वाळलेत फार. जेवण झाल्यावर हात धुऊन भिंतीपाशी गेले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि माझ्या नावाच्या स्कॅनरसमोर धरला.

"शोभा, एका ताटाचे किती?" त्यांनी विचारलं. तेवीस वर्षांत माझ्याकडं बघून ते पहिल्यांदा बोलत होते.

मी म्हणाले, "भावजी, घरच्या माणसाकडून घेतात का?"

"घे. सुमनला मी कवा इचारलं न्हाई, किती कष्ट पडून राहिलेत म्हणून." ते आकडे दाबत होते. "गेले का बघ."

मी टॅबवर बघितलं. "आले," म्हणाले. ते चप्पल घालून गेले. त्या दिवशी मला रमाबाईवर भाकरी टाकून आत जावं लागलं.

ते बोलले, अक्का. त्यांना जमलं. मीच राहिले.

तुम्ही मला त्यावर बोलू नको म्हणाला होतात, पण ते तुमच्या-माझ्यापुरतं होतं. मीनल यात कुठं आली? लेकरानं स्वतःला दोष देत बसावं यासाठी तुम्ही मला माफ केलं नव्हतं. म्हणून हे एवढं मी तुमचं ऐकणार नाही.

रविवारी दुपारनंतर मेसला सुट्टी असते. सकाळचं जेवण रमाबाई बघेल, तिच्याशी बोलले आहे. मी सकाळी सहाच्या एसटीनं नांदेडला जाते. हॉस्टेलच्या बाहेर बसवून मीनलला सांगणार आहे, की बाळा, ते तू नाही, मी केलं. विहिरीवर, येळवसला, समजून उमजून केलं. तुझ्या आईला माहीत होतं आणि तरीही तिनं भिंतीवर माझं नाव लावलं. हे फोनवर सांगणार नाही. समोर बसून सांगेन आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घेईन. नंतर तिनं मला काकू म्हणणं सोडलं तरी तिला मी हे कळू देईन, हा माझा तुम्हाला शब्द आहे.

साडेचार झाले. पीठ काढते.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा